उजवा हात

प्रिय आय,

आणि वर मलाच सांगतेस, जुनं उकरू नको. दाजी दर सणाला उकरतात, तेव्हा त्यांना का नाही सांगत? बाबांचे थोरले भाऊ म्हणून त्यांना सगळं माफ. फोनवर विषय काढला की तू कापतेस, म्हणून लिहितोय. आठवी नापासाचं अक्षर आहे, तुझी लेक संचिता लावून लावून वाचून दाखवेल. तू मासळी निवडत बस हवं तर, पण मध्येच उठू नको.

इथे मस्कतला बरं चाललंय. गावाजवळ हाटकेशच्या कारखान्यात टिकलो नाही, सुरतेला तर त्याहून नाही, पण या मासळीच्या गोदामात दीड वर्ष काढलं. आपल्या उत्तनच्या मासळीच्या वासाला कंटाळून पळालो आणि इथे दिवसभर सुरमईच रचतोय. हस आता.

खोलीत एक केरळचा पोरगा आहे, पिक्चरचा किडा. परवा मोबाइलवर एका मोठ्या डायरेक्टरची कॉलेजात असताना केलेली छोटी फिल्म लावून बसला होता. कॉलेजनेच आता नेटवर टाकलीय म्हणे. मी सहज वाकून बघितलं, तर आपला धक्का, वाळत घातलेले बोंबील, आणि तू. आज मी आहे त्याच वयाची होतीस गं. म्हणजे हा डायरेक्टर तोच जितू, ज्याला उन्हात चक्कर आली म्हणून तू पेज पाजली होतीस.

गोष्ट त्याने पुस्तकातून घेतलेली. कोळ्याची होडी परत येत नाही आणि त्याची बायको खडकावर हात आपटून बांगड्या फोडते. तू त्याला तोंडावर सांगितलंस, माझा नवरा दर्यात आहे, मी बांगडीला हात लावणार नाही, दुसरी बाई बघ. पण पेपरात आलं की उत्तनच्या बाईने कॅमेऱ्यासमोर बांगड्या फोडल्या. दोन वर्षांनी बाबा वादळात गेले. झालं. दाजी म्हणाले, हिनेच ओढवून घेतलं, पेपर काय खोटं लिहील? मी फोडल्या नाहीत, असं तू एकदाच सांगितलंस, मग तो विषयच सोडलास. फिल्म मात्र गावात कुणीच पाहिली नाही, दाजींनीही नाही.

आय, मी शेवट पुन्हा पुन्हा पाहिला. काहीच फुटत नाही. नुसता तुझा हात दिसतो, खडकावर ठेवलेला, मोकळा. खाली लोकांनी लिहिलंय, काय दिग्दर्शक आहे, बांगड्या न फोडता विधवा दाखवली. केरळवाला पण डोळे पुसत होता. मला मात्र हसू आलं आणि मग रडू. तो उजवा हात आहे. लग्नात आपल्या बायका उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून, आणि तो हात जन्मभर मोकळा ठेवतात, हे त्या पेपरवाल्याला कुठून कळणार? डावा तू पदराखाली घेतलायस. उठताना हिरव्या बांगड्या दिसतात, सगळ्या जागच्या जागी.

आता मुद्द्याचं. संचिता म्हणाली, तिच्या हळदीला तू आतल्या खोलीत बसणार, दाजींनी ठरवलंय आणि तू मान डोलावलीस. गावातल्या विमलाबाईने नवरा गेलेला असून गेल्या साली पोराला हळद लावलीच ना? तिला कुणी अडवलं नाही, अडवतात ते तुलाच. हे मी होऊ देणार नाही. मला सुट्टी नाही, पण माझा दोस्त सूरज आहे. आदल्या संध्याकाळी तो मांडवात पडदा लावून ती फिल्म दाखवेल, दाजींची खुर्ची सगळ्यात पुढे. कुणी भाषण करायचं नाही, तूही नाही. आपल्या बायका तो हात बघतील, बस. दुसऱ्या दिवशी संचिताला पहिली हळद तू लावायचीस, त्याच हाताने. दाजी खर्चाचं कारण काढतील, म्हणून पडदा, मशीन, स्पीकर, सगळ्याचं भाडं तुझ्या खात्यात टाकतोय. नऊ हजार.

तुझाच,
धनेश