अकरा रुपयांचा आहेर

अण्णा, परवा लेकीचं लग्न झालं. सकाळी बीडला नोंदणी आणि दुपारी वडवणी रस्त्यावरच्या एका लहानशा हॉलमध्ये शंभरेक माणसांचं जेवण, एवढंच. पत्रिकेत तळाशी छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' तुम्ही असतात तर दारातूनच विचारलं असतंत, भोंगा कुटं हाय? भोंगा नव्हता, माईक नव्हता, आणि या लग्नासाठी मी कुणाकडून एक रुपया उचललेला नव्हता. तुमच्या मांडीवर तीन वर्षं खेळलेली ती पोर साधी साडी नेसून पंगतीत वाढत होती आणि मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. लोक म्हणत होते, बापानं हात आखडता घेतला. म्हणू देत. सात वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या पायरीवर दिसलो असतो.

आजोबा काय करायचे असं लेक लहानपणी विचारायची, तेव्हा मी सांगायचो, नेकनूरला दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर होते आणि लग्नात आहेर पुकारायचे. गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून तुमचा गळा असा तयार झाला होता की पंचक्रोशीतल्या लग्नांना तुम्हाला बोलावणं यायचं. दुपारी घरी यायचात तेव्हा भुवयांवर पीठ असायचं. अंघोळ करून, कोट घालून, ज्येष्ठमधाची काडी गालात धरून तुम्ही निघायचात. अक्षता पडल्या की टेबलाशी उभे राहून एकेक नाव घ्यायचात. "वधूच्या मामाकडून... रुपये एकशे एक... अन् एक साडी!" नाव ओढून म्हणायचात आणि आकडा खटकन टाकायचात. ज्याचं नाव निघे तो माणूस मांडवात जिथे असेल तिथे ताठ व्हायचा. मी तुमच्या पायाशी बसून हे बघायचो. शाळेत जे शिकलो त्यातलं बरंच विसरलो, पण आकडा ऐकल्यावर माणसाची मान कशी वर होते ते मात्र पक्कं ध्यानात राहिलं.

आता त्या दिवसाचं लिहितो. मी नऊ वर्षांचा. गेवराईकडे तुमच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न. उन्हानं मांडवात अंग भाजतंय आणि तुम्ही तीन तास पुकारताय. मामा झाले, मावसे झाले, गावातले झाले. तुम्ही मुलीचे सख्खे काका, तुमचं नाव यायला हवं, पण तुम्ही तांब्या उचलून पाणी पिता आणि पुढच्याचं नाव घेता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अन् काकाचा?" ते भोंग्यातून सगळ्या मांडवात गेलं. लोक थांबले. तुम्ही कोटाच्या खिशात हात घातलात, बराच वेळ चाचपलात, आणि न ओढता म्हणालात, "काकाकडून... रुपये अकरा." मागून एकजण ओरडला, "काका लई जड हाय बे!" आणि मांडव हसला. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही लगेच पुढचं नाव घेतलंत. येताना बस गेली म्हणालात आणि एका ट्रकवाल्याला हात केलात. आई, तुम्ही आणि मी मागे रिकाम्या पोत्यांवर बसून आलो. आल्यावर मला एवढंच म्हणालात, "तोंड धू अन् जेव." मला त्या अकराची लाज वाटत होती. पुढे कित्येक वर्षं वाटत राहिली.

पंचायत समितीत कारकून म्हणून लागलो तेव्हा मनाशी ठरवलेलं होतं की माझं नाव निघेल तेव्हा कुणी हसणार नाही. पहिला मोठा आहेर तुम्हीच पुकारलात, आठवतं? वडवणीला सोयऱ्यांकडचं लग्न, तुमचा आवाज तेव्हा थकलेला. माझ्या नावाची चिठ्ठी तुमच्या हातात आली, पाच हजार एक. तुम्ही ती दोनदा वाचलीत. मग ओढ न देता, आकडा न टाकता, बाजारात भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलंत. मला इतका राग आला होता! माझ्या एवढ्या आकड्यासाठी तुमचा गळा चालू नये? रात्री ओसरीवर तुम्ही विचारलंत, "कुटून आनले?" मी म्हणालो, पगारातले. ते पतसंस्थेचे होते. तुम्ही म्हणालात, "लई झालं," आणि आत निघून गेलात. अण्णा, दोन शब्दांत भागवलंत. एक थोबाडीत दिली असतीत, चार माणसांत माझी काढली असतीत, तर कदाचित माझं टाळकं ठिकाणावर आलं असतं. त्या वर्षाच्या शेवटी तुम्ही गेलात, आणि मग मला 'लई झालं' म्हणणारंही कुणी राहिलं नाही.

तुमच्या तेराव्यालाच सुरुवात झाली. नेकनूरनं पाहिलं नव्हतं असं जेवण घातलं. तुम्ही जन्मभर ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्लात आणि तुमच्या नावानं मी तीन गोड पदार्थ वाढले. मग बहिणीच्या घरी फ्रिज, भाच्याला मोटारसायकल, साहेबाच्या मुलीला सोन्याची अंगठी. प्रत्येक ठिकाणी माईक. बीडमध्ये घर झालं, त्याच्या वास्तुशांतीला फेटे बांधणारी माणसं परळीहून आणली. पांढरी गाडी घेतली, कारण लग्नाला बसनं गेलेल्या माणसाचं नाव पुकारणारा नीट घेत नाही असं माझं मत झालं होतं. एका पतसंस्थेचं फेडायला दुसरीचं काढायचं, दुसरीचं फेडायला कार्ड घासायचं. बायको म्हणायची, "आपल्याला एवढं कोण मागतंय?" मी म्हणायचो, "तुला माहीत नाही, भरल्या मांडवात माझ्या बापाला हसले होते लोक." तुमचं नाव पुढे केलं की ती कामाला लागायची. लेकीलाही तेच सांगत आलो. गर्दीतल्या कुणीतरी हलकटपणा केला आणि आजोबांचा अपमान झाला, म्हणून तुझा बाप असा मोठ्या मनाचा. माझ्या उधळेपणाला मी तुमचं नाव दिलं होतं, आणि ते घरात चालत होतं.

ते चालायचं थांबलं बँकेत. लेकीला लातूरला नर्सिंगला जागा मिळाली. स्वतःच्या अभ्यासावर मिळवलेली जागा, तिनं कॉलेजचा पांढरा ड्रेससुद्धा बघून ठेवला होता. फी भरायला शैक्षणिक कर्ज काढायचं म्हणून आम्ही दोघं गेलो. मॅनेजरनं माझं नाव संगणकात टाकलं, पडद्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "वडिलांचा स्कोअर फारच खाली आहे. हप्ते थकलेत. असं असताना आम्हाला देता येत नाही." स्कोअरचा आकडाही त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. मागे रांगेत माणसं होती. बाहेर येऊन रिक्षासाठी थांबलो तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुमचा आकडा इथंपण पुकारला." जागा गेली. एक वर्ष ती घरात बसली आणि मग इथेच लॅबचा कोर्स करून लोकांचं रक्त काढायला लागली. मी तिच्याकडे नीट बघत नव्हतो. आजही तिनं नर्सचा ड्रेस घातलेली बाई रस्त्यात पाहिली की मी दुसरीकडे बघतो.

त्यानंतरची सात वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण तुम्हाला सांगतो. गाडी विकली, मग घर विकलं. दोन खोल्यांत आलो. बायकोनं गळ्यातलं सोनं काढून दिलं आणि नुसती काळी पोत घातली, देताना म्हणाली, "हे मात्र कुठं पुकारू नका." कार्डं तिनं भाजीच्या कात्रीनं कापली. डबा घेऊन बसनं हापिसात जायला लागलो. उपाशी राहणं सोपं होतं हो, अण्णा, कठीण होतं ते लग्नाला जाणं. आधी दोन वर्षं गेलोच नाही, कधी ताप सांगितला, कधी साहेबाचा दौरा. मग एकदा गेलो, पाकिटात एकशे एक घातले आणि पुकारणाऱ्याच्या कानाशी लागून म्हणालो, माझं नाव घेऊ नका. तो हसला. त्यानं ओळखलं. याच माणसाला मी पूर्वी नीट पुकार म्हणून शंभराची नोट द्यायचो. मी चपला शोधत असताना मागे कुणाचं तरी नाव ओढून घेतलं गेलं आणि माझा हात आपोआप शर्टाच्या कॉलरकडे गेला. माझी मलाच किळस आली. तरी दर महिन्याला थोडं थोडं करत सगळं फेडलं. शेवटच्या पतसंस्थेचा दाखला उन्हाळ्यात हातात आला, तेव्हा मला वाटलं, आता माझं कुणाचं काही देणं नाही.

मग परवाचं लग्न. जेवणं उरकली होती. जिच्या लग्नात तुम्ही तीन तास पुकारलंत ती माझी चुलत बहीण, आता साठीची, गुडघे धरत आली आणि आमच्यात बसली. मी, बायको आणि लेक. जावई पाणी आणायला गेले होते. ताईनं हॉलभर नजर फिरवली आणि लेकीला म्हणाली, "माईक न्हाई ते बरं केलंस. पर मला काकाचा आवाज लई आठवतो. अन् ह्यो तुझा बाप! ह्यानं काकाचं पार हसं केलतं माझ्या लग्नात."

लेक म्हणाली, "बाबांनी?"

"मग कुणी? काकाच्या पायाशी बसला व्हता. माईक चालू, अन् ह्यानं उठून त्यात तोंड घातलं, 'अण्णा, आपला राहिला की!' सगळा मांडव हसला." ताई स्वतःही हसली, मग पदरानं तोंड पुसलं. "काकाच्या मनात पुकारायचंच नव्हतं. माझ्या अंगावरचा शालू काकानंच आणलता, उसनवारी करून. माझ्या बापाजवळ त्येवढे बी पैसे नव्हते. पर माझ्या बापाची लाज जाईल म्हणून कुणाला बोलले न्हाईत. ह्यानं तोंड घातल्यावर काय करतेत? खिशात बसच्या भाड्याचे अकरा व्हते, त्येच काढले. माझी आई लई रडली त्या दिवशी."

तर बस गेलेली नव्हती. मी त्या ट्रकमधल्या पोत्यांवर बसून तुमच्यावर रुसलो होतो, आणि तुम्ही ते सोसत होतात. तुम्ही मला काही बोलला नाहीत, भाड्याचं आईलाही सांगितलं नाहीत, आणि तो शालू तर मरेपर्यंत आमच्यात कुणाला कळू दिला नाहीत. मला तुमचा राग येतो, अण्णा, खरंच येतो. ओसरीवर त्या रात्री 'लई झालं' म्हणण्याऐवजी हे एवढं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण शालूचं मला माहीत नव्हतं, माईकमध्ये कोण बोललं ते तर माहीत होतं. त्याला तुम्ही काय करणार?

ताई हात धुवायला उठली. बायको ताटं गोळा करायच्या निमित्तानं खाली बघत होती. लेक माझ्याकडे बघत होती, बँकेतून बाहेर आल्यावर बघितलं होतं तशी. म्हणाली, "बाबा, तुम्ही तर सांगायचात, गर्दीतलं कुणीतरी..." लग्नाचा दिवस होता, ती घटकाभरानं सासरी जाणार होती, आणि बावन्न वर्षांच्या बापाला 'मीच' एवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "ताईचं वय झालंय आता. तिला नीट आठवत नाही." लेकीनं मान हलवली आणि पाणी घेऊन आलेल्या नवऱ्याच्या हातातला जग घेतला.

हे पत्र तिच्या हाती द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. देणार नाही. तुमच्या पेटीत लग्नांतून मिळालेले कोरे टॉवेल अजून आहेत, त्यांच्या खाली घडी करून ठेवतो. ठेवण्याआधी पुन्हा वाचलं. त्या दिवसाची हकीगत लिहिताना मी 'कुणीतरी म्हणालं' असं लिहिलंय. तुम्ही शेजारीच उभे होतात, अण्णा, आणि मी तुम्हालासुद्धा तेच सांगत होतो.