फळ्यावर राहिलेली एक चूक

तीर्थरूप मामा,

लांबूनच पाया पडतो. आशीर्वाद द्यायला तुम्ही उठू नका, गुडघे फार कुरकुरताहेत असं मामींनी फोनवर सांगितलं. (तुम्ही पथ्य पाळत नाही हेही सांगितलं, आणि ते तुम्हाला कळवू नये असंही सांगितलं.) इकडे सगळे खुशाल. कवळ्यांचा कारखाना तुम्ही माझ्या हवाली केल्याला दीड वर्ष झालं आणि तो अजून चालू आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. पुढचं एवढंच, की आक्का महिनाअखेर काम सोडतेय. चष्मा पुसू नका, बरोबर वाचलंत. सव्वीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसून कवळ्या घासूनपुसून चकचकीत करणारी आपली आक्का. ती गेली तर कारखान्याला कुलूप लागायला सहा महिनेही लागायचे नाहीत, हे तुम्ही जाणता, मी जाणतो आणि दुर्दैवाने तीही जाणते.

आता हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो. नमनाला घडाभर तेल जाईल, पण इलाज नाही. दोन महिन्यांपूर्वी मी एका शिबिराला गेलो होतो. कामाच्या जागी निरोगी वातावरण, एकमेकांवर विश्वास, नव्या कल्पना असा विषय. (चहा बरा होता.) तिथे ऐकलेलं मला मनापासून पटलं. हसू नका, मामा. आपल्याकडे चार माणसं चार टेबलांवर मान खाली घालून बसतात आणि दिवसभरात एकमेकांशी 'सरक' आणि 'दिवा लाव' एवढंच बोलतात, हे मला कायम खुपत होतं. परत आलो तो अंगात वारं संचारल्यासारखा. हिरवाईने मन प्रसन्न राहतं म्हणून खिडकीत कुंडी आणून ठेवली. हिरड्यांचे साचे ओतणाऱ्या आपल्या प्लास्टरवाल्याने तिला मोठ्या प्रेमाने रोज स्वतःच्या बादलीतलं पाणी घातलं. आठव्या दिवशी माती अशी काही घट्ट बसली, की ते झाड आता वाऱ्यानेसुद्धा हलत नाही. मग रोज सकाळी पंधरा मिनिटं गोल करून बसायचं आणि ज्याने त्याने मनातलं बोलायचं असं ठरवलं. दोन आठवड्यांत चार माणसांच्या मनातून जे निघालं ते असं: पंखा आवाज करतो.

शेवटी फळा आणला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्या चुका'. नियम दोनच. आपली चूक आपणच लिहायची आणि त्यावरून कोणी कोणाला एक शब्द बोलायचा नाही. आठवडाभर फळा कोरा. मग पुढाकार म्हणून मीच लिहिलं, की सोमवारी मी दहा मिनिटं उशिरा आलो. दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाल्याने खाली लिहिलं, 'मीसुद्धा'. मेणात दात बसवणाऱ्या ताईंनी लिहिलं, 'मी वेळेवर आले होते, चुकलं असल्यास क्षमा असावी'. आक्का हात पुसत आली, सगळं वाचलं, 'छान आहे' म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या 'छान'चा सूर तुम्हाला माहीत आहेच.

त्यानंतर आक्का डोळे दाखवायला म्हणून दहा दिवस लेकीकडे गेली. शेवटचा हात आम्हीच फिरवला आणि माल दातांच्या डॉक्टरांकडे पाठवून दिला. नऊ कवळ्या परत आल्या! काहींच्या आतल्या बाजूला टोचणारे दाणे होते (प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहिले की येतात ते). एक टाळूपाशी इतकी जाड, की त्या गृहस्थांना तोंडात वाटी धरून बोलल्यासारखं वाटत होतं. आणि एका आजोबांना वरचे दात त्यांचे, खालचे भलत्याच आजींचे. चिठ्ठ्या लावायचं काम माझं. डॉक्टर फोनवर जे बोलले ते मी फळ्यावर लिहिलेलं नाही.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. या चुका त्या दहा दिवसांतल्या नव्हत्या, रोजच्याच होत्या. फक्त रोज त्या आक्काच्या टेबलाशी येऊन संपत होत्या. ती न बोलता दाणे घासायची, जाडी उतरवायची, माझ्या चिठ्ठ्या बदलायची. आणि मी दीड वर्ष समजत होतो, की या कामात आपला हात धरणारा कोणी नाही! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, मामा. त्या संध्याकाळी फळा खऱ्या चुकांनी भरला. लिहिता लिहिता प्लास्टरवाला रडवेला झाला. ताई म्हणाल्या, मेण जाड राहतं हे मला कधी कोणी सांगितलंच नाही हो. दुसऱ्या दिवसापासून माणसं आपण होऊन उठून शेजारच्या टेबलाशी जायला लागली, जरा बघता का, बुडबुडा दिसतोय का म्हणून. प्लास्टरवाल्याने तर त्या ओरडणाऱ्या पंख्याची मोटर काढून आपल्या टेबलाखाली बसवली. टेबल थरथरतं, बुडबुडे वर येऊन फुटतात. उकाडा वाढला, पण दाणे गेले.

आक्का परत आली, फळा वरपासून खालपर्यंत वाचला. डोळ्यांत पाणी होतं की डॉक्टरांनी दिलेले थेंब, सांगता येत नाही. मग खडू घेऊन तिने तळाशी लिहिलं, 'बारा वर्षांपूर्वी न्यायाधीशसाहेबांच्या दातांचा रंग चुकला, ती चूक माझी नव्हती'. मी म्हटलं, आक्का, नियमाप्रमाणे आपलीच चूक लिहायची. ती म्हणाली, "माझीच आहे. बारा वर्षं गप्प बसले."

ते प्रकरण तुम्हाला आठवत असेल. साहेबांना त्यांच्या उरलेल्या चार दातांना शोभतील असे पिवळसर दात हवे होते, मिळाले पांढरेशुभ्र. डॉक्टर तणतणत आले आणि तुम्ही सगळ्यांसमोर आक्काकडे बोट दाखवलंत. परवा तिने खणातली डबी उघडून त्या ऑर्डरची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. रंगाचा आकडा (प्रत्येक छटेला एक असतो) चुकीचा होता आणि अक्षर तुमचं होतं. तेव्हाच का दाखवली नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, मालकाला चारचौघांत खोटं पाडून त्याच्याच छपराखाली काम कसं करायचं? त्या दिवसापासून तिने ठरवलं, की कोणाचीही चूक आपल्या टेबलावरून बाहेर जाऊ द्यायची नाही, नाहीतर नाव आपलंच येणार. आणि त्याच दिवसापासून बाकीच्यांनी चूक कबूल करणं सोडलं. आमची माणसं बोलत का नाहीत, हे मी शिबिरात विचारत बसलो होतो! आता म्हणते, तुम्ही आपापलं बघायला शिकलात, माझे डोळेही थकले, मी निघते.

असो. तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, माझे घोळ काय कमी आहेत? सहज कळवलं. मामींना नमस्कार. पथ्य पाळा (हे मी लिहिलेलं नाही).

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. सहज कळवलेलं नाही. मामा, तुम्ही या. मी गाडी घेऊन येतो, पायऱ्या तीनच आहेत, खुर्ची फळ्यापाशीच ठेवतो. त्या रंगाच्या चुकीची एक ओळ तुमच्या हाताने लिहा. नियम आहे, कोणी एक शब्द बोलणार नाही.

आणखी एक ता. क. लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो. तुम्हाला त्रास नको म्हणून मी तुमच्या अक्षरात लिहून पाहिलं. (इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली, अक्षर जमतं.) चांगला अर्धा फळा भरला: त्या वेळची परिस्थिती, कामाचा ताण, मनःपूर्वक दिलगिरी. आक्काने वाचलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "तुझे मामा एवढं लिहायचे नाहीत. लिहिलंच तर दोन शब्द लिहितील." ती पुसलेली जागा तिने तशीच ठेवलीय, तिथे कोणाला लिहू देत नाही. आज चोवीस तारीख आहे, मामा.