सुध्याच्या वाट्याचं पन्हं

२ मे, शुक्रवार
सायकल आली. शेजारच्या काटोले बाईंकडची, व्यायामाची, जागच्या जागी चालवायची. त्यांच्याकडे ती टॉवेल वाळवायच्या कामी होती. हॉलमध्ये कूलरसमोर मांडली.
डॉ. म्हणाले, तुमची किडनी भावाला जुळते, पण या वजनावर ऑपरेशन नाही. पाच किलो तरी उतरवा, महिनाअखेर दाखवा. सुध्या भाऊ माझा, किडनी माझी, आणि अडलं कुठं तर माझ्या कमरेवर! बाहेर चालायला जावं तर ऊन आणि कोळशाचे ट्रक. म्हणून ही.

४ मे, रवि.
कूलर बंद, खिडक्या बंद, अंगात ह्यांचा जुना स्वेटर. घाम गाळायचा तर नीट गाळावा. थोड्या वेळात डोळ्यांपुढे काजवे. उतरून काट्यावर उभी राहिले तर जवळजवळ किलो कमी! लगेच सुध्याला फोन. "सुध्या, किलो गेला गा!" हसला. पुष्कळ दिवसांनी हसला पोट्टा.

५ मे
किलो परत. रात्रीतून कुठून आला मेला. सुध्याला सांगितलं नाही.

७ मे, बुध.
हे रात्रपाळी करून आले, मला स्वेटरात पाहून दारातच थांबले. "हे काय करून राहिली वं? मराचं हाय का?" मग चहा घेता घेता क्लास. विजेच्या प्लांटमध्ये बॉयलरवर उभा जन्म गेला, ह्यांना जगात सगळीकडे बॉयलरच दिसतो.
"घाम म्हणजे चरबी नाही, पाणी हाय. दोन गिलास पेली का वजन वापस. आमच्या इथं कोळसा जळते, त्यातलं निम्म्याच्या वर गरमीतच जाते. तू तं त्याच्याहून वाईट. चार घास खाल्ले तं एक चाकाले, तीन अंग तापवाले. ते अंग थंडं नाही झालं तं पाय काय चालन? कूलर लाव, आन् समोरची खिडकी उघड. हवा निघाले रस्ता पाहिजे."
"मग मी काय तुमच्या प्लांटातलं युनिट आहे का?"
"युनिट बरं. ते ऐकते."

१० मे
कूलर चालू, खिडकी उघडी, सुती गाऊन. अर्धा तास चालवली, चक्कर नाही. पण कंटाळा बाप्पा! पाय फिरतात, बाई तिथल्या तिथं.

१५ मे, गुरु.
सुध्याच्या बायकोनं, ज्योतीनं, पुन्हा पन्ह्याचा कॅन पाठवला. तिकडे नागपुरात इतवारीहून, आमच्या कोराडीच्या बसमध्ये, ओळखीच्या कंडक्टरजवळ. फोनवर म्हणते, "ताई, तुमी आमच्यासाठी एवढ्या तापून राहिल्या, उष्णता लागन तुमाले." गुळाचं, वेलची घातलेलं, घट्ट. मोठे दोन गिलास रोज होतात.
वजन दोन किलो उतरून अडलंय. ह्यांनी सायकलीवरचा कॅलरीचा आकडा दाखवला. अर्ध्या तासात जाळलं तेवढं गिलासातून परत आत. "इकडून राख काढते, तिकडून कोळसा टाकते."
कळतं मला. पण जिचा नवरा आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर पडतो, तिला कोणत्या तोंडानं सांगू की तुझं पन्हं नको?

२१ मे, बुध.
सुध्या येऊन गेला. पाय सुजलेले, ओठ फाटलेले. पाणी मोजून, दिवसाला एवढीशी बाटली. नागपूरच्या मे महिन्यात!
मी सायकलीवरून उतरले, गिलास तोंडाला लावला. हा माझ्या गळ्याकडे पाहत होता. मी गिळलं की त्याचाही कंठ हलायचा. गिलास खाली ठेवला.
"पे ना ताई. मीच सांगतो ज्योतीले कराले. मले कैरी नाही, गूळ नाही, पाणी नाही. तू पेते ते पाह्यलं का बरं वाटते."
रडू आलं. उरलेलं संपवलं. काय करणार होते...

२५ मे, रवि.
थकले. मांड्या भरून आल्यात. आता दोन वेळा चालवते, तरी काटा तिथंच. भाकरी अर्ध्यावर आणली, पन्हं चालूच.
ऑपरेशनची भीती वाटते. काट्यावर चढताना एकदा मनात आलं, नाहीच उतरलं वजन तर? थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

२७ मे, मंगळ.
सुध्या आला. सायकलवरून न उतरताच सांगून टाकलं. "पन्ह्यानं अडलं गा वजन."
त्यानं पन्ह्याच्या कॅनकडे पाहिलं.
"पह्यले काहून नाही सांगितलं?"
"तुला बरं वाटत होतं ना."
उठून कॅनचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "ज्योतीले मी सांगतो. तू साधं पाणी पे. पण माझ्यासमोर पे."
उतरून माठातलं घेतलं. एकेक घोट, त्याला दिसेल असं. त्यानं डोळे मिटले.
"थंडं हाय?"
"थंड आहे."
"अजून पे."
प्याले. पोटात जागा नव्हती तरी प्याले. उद्या सकाळी डॉ.कडे काट्यावर उभं राहायचंय.