एकास एक (ब्लँकेटासह)

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

आम्ही उभयता सुखरूप आहोत. तुमच्या गुडघ्याचे दुखणेही उतरणीला लागले असेल अशी आशा करतो. गेल्या रविवारी रेडिओवर तुमच्याशी बोलत असता मी दहा वाजून सात मिनिटांनी वाक्याच्या मध्येच गप्प झालो, त्याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे.

"कॉमर्सवाल्याने तारांच्या वाटेला जाऊ नये" हे तुमचे वाक्य हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यापासून माझ्या उरात सलत आहे. त्यामुळे तुमच्याशी होणारे पहिले बोलणे निर्दोष व्हावे, एवढीच महत्त्वाकांक्षा होती. (तुम्हीच शिकवल्याप्रमाणे) संच, केबल आणि अँटेना या तिघांचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जुळला नाही, तर पाठवलेली शक्ती आल्या पावली परत येते आणि संच स्वतःला जपण्यासाठी मौन धरतो. जुळला, तर मीटर एकास एक दाखवतो. म्हणून त्या सकाळी मी चौदा वेळा जिना चढलो. गच्चीवरच्या तारेची दोन्ही टोके बोटबोटभर कापायची, खाली येऊन मीटर पाहायचा, वहीत लिहायचे, पुन्हा चढायचे. ("तुमची खाटच वर टाकते आता," इति तुमची बहीण.) दहाला पाच कमी असताना काटा एकास एकवर आला. दादा, मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या! आणि तुम्हीही माझ्या आवाजाला "खणखणीत" म्हणालात.

आता चूक. मागच्या भेटीत तुम्ही विसरलेले लोकरी ब्लँकेट हिने त्याच सकाळी धुतले होते आणि दोरी भरलेली असल्याने माझ्या अँटेनावर वाळत घातले होते. (भिजत घोंगडे म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिले.) ओल्या लोकरीमुळे विजेच्या लेखी तार लांब झाली, आणि ती जास्तीची लांबी मी इमानेइतबारे कापत गेलो. ब्लँकेट मला चौदाही वेळा दिसले. पण माझ्या तक्त्यात ब्लँकेटाला रकाना नव्हता. दहा-सातला दोरी मोकळी झाली, हिने ब्लँकेट उचलून तिकडे टाकले, काटा तिनावर उडाला आणि संचाने माझी वाचा बंद केली.

ऐकू मात्र सगळे येत होते. मी गेलो असे समजून तुम्ही त्याच लहरीवर ऐकत असलेल्या तुमच्या डॉक्टर मित्राला म्हणालात, "माणूस किचकट, पण काम चोख हो! मलासुद्धा पहिल्या दिवशी एकास एक जमलं नव्हतं." मी मुक्या माइकपुढे हात जोडून उभा होतो. त्यापुढचे "माझं ब्लँकेट तेवढं मागवून घेतो" हे वाक्य दुर्दैवाने तोवर खाली आलेल्या हिनेही ऐकले.

लोभ जुळलेला आहेच, तो असाच राहावा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. ही ब्लँकेट पार्सल करायला निघाली आहे. ते आता अँटेनाचा अविभाज्य भाग असून, येत्या रविवारी साडेनऊला भिजवून वर घालावे लागेल. तरी "मला नको" असे दोन ओळींत हिला कळवावे.

दुसरा ता. क. "कापलेत तेवढी तार परत जोडा की!" असे ही म्हणाली. केवळ शास्त्रीय वृत्तीने जोडून पाहिली. ब्लँकेटाशिवाय एकास एक आला. तथापि वरील विनंती कायम समजावी. फार ऊबदार आहे हो दादा. आठवडाभर मी तेच पांघरतो आहे.