टेबलं कुणी फिरवली

३ जानेवारी, वैशाखरे

कंपनीतल्या सरांकडे शिफारसपत्र मागितलं. म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." झालं! बिझनेस स्कूलला माझ्याबद्दल सरांचं मत हवंय, आणि ते मत मीच तयार करायचंय.

४ जानेवारी

"स्नेहल अत्यंत मेहनती आहे." खोडलं. "स्नेहलमध्ये नेतृत्वगुण आहेत." वाचून मलाच हसू आलं. आई डोकावून म्हणाली, "सोताचीच आरती ओवाळतेस का गो?"

६ जानेवारी

सरांनी न वाचता सही केली. वर सल्ला — "अर्जाच्या निबंधात टेबलांचं टाक. आकडा दणदणीत आहे."

आकडा म्हणजे असा: मुरबाडच्या आमच्या मसाला कंपनीत पॅकिंगला अकरा बायका लागायच्या. मी सुपरवायझर झाल्यावर टेबलं गोल लावली, आता सातजणींत भागतं. उरलेल्या चौघींना कामावरून काढलं. ते निबंधात लिहायचं नसतं.

प्रश्न आहे, "तुम्ही घडवून आणलेला एक बदल सांगा." दुसरं काही सापडतंय का बघितलं. आयुष्याच्या सत्तावीस वर्षांत काही म्हणता काही नाही!

९ जानेवारी

निबंध झाला. मी निरीक्षण केलं, मी ठरवलं, मी बदललं. चांगला उतरलाय. मन मात्र खात होतं. तरी अर्ज पाठवला. यंदा मुलाखतीला बोलावलं नाही, तर प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची माझ्यात धमक नाही.

१२ जानेवारी, रविवार

जिवली घरी आली. काढलेल्या चौघींतली एक, वरच्या वाडीतली. राग नाही, काही नाही. दुसऱ्या कंपनीत जागा आहे, पण जुन्या कामाचा दाखला हवा, तोही याच आठवड्यात.

"तू लिही नि सायबाची सही आण. मला कुठं लिवता येतंय!"

काय लिहू, विचारलं.

"लिही ना, टेबलां फिरवायचं जिवलीनं सांगलं. मीच तं बोललेली तुला, गोल लाव, चालून चालून पाय मोडतात. ध्यानात नाय का?"

आहे. चहाच्या सुट्टीत सांडलेल्या हळदीत बोटाने काढून दाखवलं होतं तिने. मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड, स्नेहल!" आणि मी गप्प बसले. लाज वाटते.

१३ जानेवारी

जिवलीचा दाखला एका दमात लिहून झाला. टेबलांचं आहे तसं, खरं लिहिलं. सर एरवी वाचत नाहीत — पण हा वाचला तर? बिझनेस स्कूलवाले चौकशीला सरांनाच फोन करतात म्हणे. मुलाखतीची यादी लागायला महिना आहे.

१६ जानेवारी

जिवली गेटवर आली होती. दाखला पर्समध्येच होता. तिला सांगितलं, सर गावी गेलेत, पुढच्या महिन्यात ये.

सर केबिनमध्ये होते.