वाडीच्या खोल्या आणि पहिलीतली भेग

मी, श्रीमती मनकर्णा गिरिधर भोयर, वय ७४, सेवानिवृत्त टंकलेखिका, राहणार प्रताप नगर, नागपूर, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. दबाव आणण्याचा प्रयत्न माझा मुलगा जितेंद्र याने केला होता, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. प्रताप नगरचे राहते घर जितेंद्र व सून सुरुची या दोघांना समाईक द्यावे. एकट्याच्या सहीने ते विकले जाऊ नये हा माझा हेतू आहे आणि मी तो लपवत नाही. सुरुची सही करण्याआधी वाचते.

२. बँकेतल्या ठेवी व दागिने मुलगी श्वेता हिचे. तिने कधी काही मागितले नाही. न मागणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येते ते मी माहेरी पाहिले आहे, माझ्या घरात तसे होऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. दीर मनोहरराव यांच्यासाठी वेताची खुर्ची. आम्ही शहराबाहेर, ट्रकांच्या रस्त्यालगत वाडीला प्लॉट घेतला तेव्हा याच खुर्चीत बसून ते म्हणाले होते, "वहिनी, तिथं काय ट्रका मोजत बसता का?" खुर्ची अजून मजबूत आहे. त्यांनी ती घेऊन जावी.

४. आता वाडी. अमरावती रोडच्या आतल्या बाजूचा तो प्लॉट आणि त्यावरची खोल्यांची ओळ माझ्या नावे आहे, कारण हप्ते माझ्या पगारातून गेले. जागा मात्र माझे पती कै. गिरिधर यांनी पसंत केली. ते काटोलकडच्या शेतकरी घरातले. दलाल रस्ता दाखवत होता, नकाशा दाखवत होता, आणि हे खाली बसून ढेकूळ कुस्करत होते. "माती पाह्य वं, माती! काय कापूस होईन इथं!" घर बांधायची जागा त्यांनी कापसासाठी पसंत केली. मीही खेड्यातलीच, मलाही ते पटले. त्या खोल काळ्या मातीवर आम्ही पहिली खोली बांधली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माती आकसली व भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. पुढच्या खोल्यांना मी काळी माती पार काढून टाकली, मुरूम लागेपर्यंत खणले, आणि पाया भरेपर्यंत तिथून हलले नाही. त्या खोल्या सरळ उभ्या आहेत. एकीच्या भाड्यातून दुसरी, दुसरीच्या भाड्यातून तिसरी, अशा त्या झाल्या. कर्ज काढले नाही, घाईही केली नाही.

५. जितेंद्रने एका टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला. दोन वर्षांत भाव दुप्पट होणार होता. तिथे अजून नुसते खांब उभे आहेत आणि त्याचे हप्ते चालू आहेत. मागच्या दिवाळीनंतर तो एका गोदामवाल्याला घेऊन वाडीला आला. मी खोलीत बसलेली असताना त्या माणसाने दाराला टेप लावून मापे घेतली. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर आमचे बोलणे झाले ते असे:

"आई, विकून टाक ना वं. एवढ्यात दोन फ्लॅट होतेत."
"अन् मंग?"
"मंग भाडं येईन."
"भाडं तं आताही येऊन राहिलं."

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो. मला त्याचे वाईट वाटते.

६. म्हणून पहिली खोली सोडून बाकी ओळ मी जितेंद्रची मुलगी वैभवी हिला देते. जितेंद्र हयात असेपर्यंत अर्धे भाडे त्याला मिळावे, त्यात त्याचे हप्ते निघतील. विकण्याचा अधिकार त्याला नाही. वैभवी, पुढे तू आणखी जागा घेशीलच. ती भर पावसात पाहा, पाणी कुठे साचते ते तेव्हाच कळते. मंजूर नकाशा आणि सातबारा स्वतः वाच. भाडे दिवाळीत वाढव, मे महिन्यात नको, त्या वेळी लोकांचा कूलरचा खर्च चालू असतो. नळ गळला तर स्वतः वायसर बदलणारा भाडेकरू सोडू नकोस.

७. पहिली खोली व तिच्यामागची उघडी काळी माती जितेंद्रला, पूर्ण मालकीने. ती त्याने विकली तरी चालेल, माझी काही अट नाही. एवढेच लिहिते की दर मे महिन्यात बापलेक मिळून मागची माती कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, घालून मळत आणि भेगेत भरत. सिमेंट यांनी कधी भरू दिले नाही. "माती दम घेऊन राहिली, घेऊ दे," म्हणत. हे गेल्यापासून भेग कोणी भरलेली नाही. आता तिच्यात माझा हात जातो.

८. सही करण्याआधी मी जितेंद्रला इथे वाडीला बोलावून वरचे सर्व वाचून दाखवले. माझ्या माघारी रागावण्यापेक्षा त्याने समोर रागवावे.

तो म्हणाला, "म्हणजे तुले माह्यावर भरोसा नाही."
मी म्हटले, "तुह्यावर आहे गा. तुह्या घाईवर नाही."

त्याने उठून भेगेत हात घालून पाहिला. मग म्हणाला, "कुटार कुठं ठेवून राहिली तू आजकाल?"

मी दारामागचे पोते दाखवले. साक्षीदार आले तेव्हा त्याचे दोन्ही हात मातीने भरले होते, त्याने त्यांच्यासाठी खुर्ची कोपराने पुढे सरकवली. कलम ७ मध्ये भेग कोणी भरलेली नाही असे लिहिले आहे, ते आज सकाळपर्यंतचे समजावे.

लिहून देणार : मनकर्णा गिरिधर भोयर (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. यमुताई शालिकराम लांजेवार, शेजारीण, प्रताप नगर (सही)
२. रजत घोडमारे, भाडेकरू, खोली क्रमांक तीन (सही)

ठिकाण : खोली क्रमांक एक, वाडी, नागपूर
दिनांक : १८ मे २०२५