कुंड्याखालचं पाऊल

राणासर, ता. ४ डिसेंबर १९९१

चि. खेतो यास थोरल्या बहिणीचे, त्याच्या अदीचे, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाळूतून जाणाऱ्या केकडा ट्रकवाल्या जुम्माच्या हाती देते आहे, म्हणजे पोस्टाच्या आधी पोचेल. कराचीत थंडी पडत नाही म्हणतात, पण तुझ्या डाव्या पायाच्या करंगळीला तरी वाजत असेल. लहानपणी मी तिच्यावर जात्याची तळी पाडली आणि ती शेजारच्या बोटावर चढून बसली ती कायमची. आई म्हणायची, हे पोर कुठंही हरवलं तरी आता बाबा हुडकून काढतील. वकिलाच्या कचेरीत बूट घालताना रोज माझ्या नावानं बोटं मोडत असशील.

घरचं काय लिहू. तुझे भावोजी जाऊन सहा आठवडे झाले. पहाटे खळ्याची राखण करायला गेले ते आलेच नाहीत. पटका सापडला आणि बाजरीच्या राशीवर रक्त. इतकं, की वरची अर्धी रास आम्ही गुरांनाही घातली नाही. त्या आठवड्यात तू इथं असतास तर मला धीर आला असता, पण तुला सुट्टी कुठली.

बाबांचं काही समजत नाही. आदल्या संध्याकाळी मी खळ्याची कड लिंपली होती. त्या ओल्या लिंपणात त्यांना एक अनवाणी पाऊल दिसलं. त्यांनी त्याच्यावर कुंडा पालथा घातला आणि जे गप्प झाले ते झालेच. तीस वर्षं पोलिसांना चोरांचे माग काढून देणारा पगी, आणि फौजदाराला म्हणाला, डोळे गेले, ओळख पटत नाही. वाळूवरचे बाकीचे माग शिपायांनी बुटांनी तुडवले. पगीनं झाकलेलं पाऊल पगीनंच उघडायचं, म्हणून मीही कुंड्याला हात लावलेला नाही.

नवरा असला तरी पूंजोची मी काही लाडकी नव्हते. आषाढात त्यांनी माझे पुढचे दोन दात पाडले, ते तुला कळवलंच होतं. पण माणूस मेला की पळाला एवढं तरी कळावं. हातातला चुडा ठेवू की फोडू, इतकंच मला त्या जज्जाकडून हवंय. तू कोर्टात अर्ज घातलास, आता फौजदाराचा पिच्छा सोडू नकोस. बाबा दिवसाकाठी एक भाकरी खातात, तीही मी समोर बसले तर.

वेळेवर जेव. माया आहेच, ती वाढावी.

तुझी वीरां


कराची, ता. १६ डिसेंबर १९९१

ती. अदी हिचे चरणी खेतोचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. बोटाची चौकशी केलीस, ते ठीक आहे. त्याचं सारखं काय काढायचं.

काल तारीख होती. फौजदारानं कागद वाचला, शोध कसोशीनं चालू आहे. जज्जसाहेब म्हणाले, हेच वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकतोय, शोध म्हणजे नेमकं काय केलं ते सांगा. कोणत्या दिवशी कुठं गेलात, कुणाला विचारलंत? फौजदारानं घाम पुसत सांगितलं की पूंजो सरहद्दीपलीकडे नातेवाइकांकडे गेला असावा. तेव्हा जज्जांनी विचारलं, अंगातलं रक्त इथं ठेवून गेला का? सगळं कोर्ट हसलं. मला हसू आलं नाही. १४ जानेवारीपर्यंत काही हाती लागलं नाही, तर वर्दी उतरवायच्या तयारीनं या, असं त्याला बजावलं आहे. काझी वकील खूश आहेत.

पण अदी, मला वाटतं आता पुरे करावं. कोर्टाचं काम म्हणजे विंचवाच्या बिळात हात. अर्ज मागे घ्यायचा तर तुझा अंगठा लागेल, कागद मी तयार करतो. बाबांना यात ओढू नकोस, त्यांचं वय झालं. तुझ्या तोंडात दोन दात नाहीत हे मला इथं जेवताना रोज आठवतं. ज्यानं ते पाडले त्याला तू कशाला हुडकतेस?

लेकरावर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा खेतो


राणासर, ता. २८ डिसेंबर १९९१

चि. खेतो यास आशीर्वाद. वि. वि.

अंगठा कसला मागतोस, मी पाचवी शिकले आहे, सही करते. आणि ती करणार नाही. तुझ्या जज्जानं फौजदाराला चाबूक दाखवला, तो इथं कुणाच्या पाठीवर पडला ते वाच.

मंगळवारी त्यांनी सामो कोळ्याला उचललं. खळ्यावर मजुरीला होता, एवढाच त्याचा गुन्हा. गरिबाची बायको सगळ्यांची वहिनी म्हणतात, तसा गरिबाचा नवरा सगळ्यांचा चोर. तीन दिवस त्याला ठाण्याच्या तुळईला उलटा टांगला. तळपायांवर असं मारलं की कातडी सोलून लोंबत होती. उजव्या हाताची नखं काढली. मग त्याच हातानं त्याला मुडदा उकरायला लावला. मार चुकवायला तो आधी टेकडी म्हणाला, मग तळं म्हणाला, मग बाभळीचं बन. तीन ठिकाणी वाळू उकरली, काही निघालं नाही. दर खड्ड्याला नवा मार. त्याची बायको, धनी तिचं नाव, त्याचा सदरा धुवायला माझ्याकडे घेऊन आली, कारण तिच्याकडे पाणी नव्हतं. तीनदा पाणी बदललं तरी लालच. फौजदार गावात सांगतो आहे, जज्जाला शोध हवा होता, हा घ्या शोध. चौदा तारखेला सामो कोर्टात गुन्हा कबूल करील. तोवर जिवंत राहिला तर.

मी बाबांना म्हटलं, कुंडा उचला, पाऊल सामोचं नाही एवढं तरी फौजदाराला दाखवा. बाबा त्या कुंड्यावर आडवे पडले रे. लहान पोर खेळण्यावर पडतं तसे. आणि रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तू काझी वकिलांना सांग, काहीही कर, पण त्या माणसाला सोडव.

माया आहे म्हणून हक्कानं लिहिलं.

वीरां


कराची, ता. ४ जानेवारी १९९२

ती. अदीस शि. सा. नमस्कार.

घाईत लिहितो. सामोचं वाईट वाटतं, पण कोळ्यांचं कोळी बघतील, त्यांची जमात मोठी आहे. आपण कुणाकुणाला पुरणार. तू त्या कुंड्याला हात लावू नकोस. बाबा ओळख पटत नाही म्हणाले, संपलं. वाऱ्यानं एव्हाना सगळं गेलं असतं. हवं तर घागरभर पाणी ओत आणि ती कड पुन्हा लिंपून टाक. एवढं माझं ऐक. मी आजवर जे केलं ते तुझ्यासाठीच केलं.

लोभ कमी करू नकोस.

खेतो


राणासर, ता. ९ जानेवारी १९९२

खेतो,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, पण मनातून जातही नाहीत.

ज्या वाळवंटात पाण्यासाठी मी दोन कोस चालते, तिथं तू मला एका पावलावर घागरभर पाणी ओतायला सांगितलंस. तुझं पत्र वाचलं आणि उठून कुंडा उचलला. बाबा बघत होते, त्यांनी अडवलं नाही.

पाऊल डावं आहे. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

बाबांनी माग वाचायला शिकवलं तुला, पण चुलीपाशी बसून शिकले मी. टाच उथळ आहे. चवडा खोल रुतलेला आणि जागच्या जागी तीनदा फिरलेला. खाली पडलेल्या माणसावर वाकून तीनदा वजन टाकलंस. तीन घाव. तिसऱ्याची गरज नव्हती, बाबा म्हणाले, दुसऱ्यातच मान तुटली होती. त्यांनी त्याच सकाळी फरफटीचा माग जुन्या आटलेल्या विहिरीपर्यंत काढला, प्रेत पाहिलं आणि वर वाळू लोटली. आपल्या पोरासाठी ते पहिल्यांदा खोटं बोलले. परवा मला घेऊन गेले. मी पूंजोला पाहिलं. चुडा विहिरीच्या काठावर दगडावर फोडला.

माणूस तोडायला आलास आणि धान्याला जोडा लागू नये म्हणून बूट बाहेर काढून ठेवलेस. बुटानं आला असतास तर मी आज तुझ्याच पत्राची वाट बघत बसले असते. आईचं वळण इतकं पक्कं, की कुऱ्हाड हातात असतानाही सुटलं नाही. याच एका गोष्टीसाठी मला दिवसभर रडू येतंय.

माझ्यासाठी केलंस हे मला ठाऊक आहे. पण मी दातांचं लिहिलं ते रडायला, खेतो. मला भावापाशी रडायचं होतं, कुऱ्हाड मागवायची नव्हती. आता रडायला कुणापाशी जाऊ?

तू पळून जाशील तर बाबा माग काढणार नाहीत, मीही नाही. पण मग सामो फासावर जाईल, जिवंत उरलाच तर. धनीनं काल मला विचारलं, सदऱ्याचे डाग कशानं जातात.

चौदाला आम्ही दोघं येतो आहोत. बाबांनी पाऊल लिंपणासकट कापून टोपलीत घेतलंय, वर तोच कुंडा. कोर्टाला सांगायचं ते बाबा सांगतील, तीस वर्षांत त्यांची साक्ष कुणी खोडलेली नाही. कोर्टात फरशी असते म्हणे, म्हणून मी घरची पिशवीभर वाळू घेतली आहे. ती मी जज्जासमोर पसरीन, टोपलीतल्या पावलाच्या शेजारी.

लोभ होता, आहे, राहील. तू ये. बूट दाराबाहेर काढून ये.

तुझी अदी